तव्यावरचे प्रश्न : गहू नको, दूध नको, अंडं नको; पॅनकेक मात्र हवा

मागच्या अंकात बिनगव्हाच्या नाश्त्याबद्दल लिहिताना मी जाता जाता 'पॅनकेकसुद्धा जमतो' असं म्हणून पुढे गेले होते. बाकीच्या लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, पण त्या एका वाक्यावर मात्र ढीगभर पत्रं आली. कुणाला सिलिअ‍ॅकमुळे (गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) गहू बंद, कुणाची नात विगन झालेली, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांकडून येणारं सगळंच सोडलेली, कुणाला नुसतंच वजन कमी करायचंय. त्यातले निवडक प्रश्न घेते. नावं छापत नाही, गावं तेवढी देते.

ताई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आजाराचं निदान झालंय. गहू कायमचा बंद. आतडं सावरेपर्यंत डॉक्टरांनी दूधही थांबवलंय आणि आमच्याकडे अंडं चालत नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या मुलांनी पॅनकेक खाल्ले, ही घरून नेलेली राजगिऱ्याची वडी खात बसली. तिला 'तस्साच' जाड आणि मऊ पॅनकेक हवाय. मी तांदळाच्या पिठाचा करून पाहिला. आतून गिच्च, कडेने कडक आणि उलटताना तुकडे. विकतचं मिक्स आणलं तर त्यात दुधाची पावडर निघाली. घरी जमण्यासारखं आहे का? — एक आई, सांगली

जमण्यासारखं आहे. आणि 'त्यापेक्षा धिरडं द्या की' असा सल्ला मी देणार नाही. धिरडं मला स्वतःला पॅनकेकपेक्षा दसपट आवडतं, पण नऊ वर्षांच्या मुलीला या दोन्हीतला फरक बरोबर कळतो आणि तिला मैत्रिणींच्या ताटलीतलं हवंय. ते द्यायचं.

आधी तुमचा पॅनकेक का मोडला ते बघू. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं एकमेकांना धरतात आणि ताणली जाणारी जाळी तयार होते. हेच ते ग्लूटेन. सोड्याचे बुडबुडे त्या जाळीत अडकतात म्हणून पॅनकेक फुगतो, आणि जाळीनेच धरून ठेवल्यामुळे उलटताना मोडत नाही. तांदळात ही जाळी नाही. त्यामुळे गव्हाचं पीठ काढून तेवढंच तांदळाचं पीठ घातलं की बुडबुडे निघून जातात, पिठाचे कण पाणी न पिता तसेच राहतात आणि हाताला येतो तो तुम्ही वर्णन केलेला गिच्च गोळा. जाळीचं काम तीन-चार जिनसांत वाटून द्यावं लागतं. चिकटपणा जवसाने द्यायचा, अंग ज्वारीने, हलकेपणा सोडा-लिंबाने. आणि पिठाला भिजायला वेळ द्यायचा. तो तुम्ही दिला नसणार, अशी माझी खात्री आहे.

माप लिहून घ्या. एक चमचा म्हणजे मोठा, १५ मिलीचा. छोटा चमचा ५ मिलीचा.

ज्वारीचं ताजं, बारीक पीठ ९० ग्रॅम, तांदळाचं पीठ ७० ग्रॅम आणि मक्याचं कॉर्नफ्लॉर २ चमचे. एवढं कोरडं. जवस कोरडेच मंद भाजून मिक्सरमध्ये पूड करा. त्यातली १ चमचा पूड ३ चमचे कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटते. एका अंड्याऐवजी एवढं पुरतं. एक पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं छोटं केळं कुस्करून घ्या. वेलची केळं असेल तर उत्तम. २ चमचे चिरलेला गूळ पाव लिटर कोमट पाण्यात विरघळवून गाळा. पाण्याऐवजी नारळाचं पातळ दूध घेतलं तर पॅनकेक जास्त लुसलुशीत होतो. चिमूटभर मीठ, १ चमचा शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल. हे सगळं एकत्र कालवा. ग्लूटेन नसल्यामुळे 'जास्त घोटलं तर चिवट होईल' ही भीती नाही, गुठळ्या मोडेपर्यंत बिनधास्त घोटा.

आता झाकून अर्धा तास विसरा. ज्वारी आणि तांदूळ दोन्ही पाणी प्यायला सावकाश. अर्ध्या तासाने पीठ चांगलंच घट्ट झालेलं दिसेल. चमच्यातून संथ, जाड धारेने पडेल इतपत पाणी घालून सैल करा. इडलीच्या पिठापेक्षा किंचित पातळ असावं.

तवा तापत ठेवल्यावर, त्याआधी नाही, पिठात १ छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घाला, त्यावर १ चमचा लिंबाचा रस पिळा आणि दहा-बारा वेळा हलवून लगेच तव्यावर घाला. फेस येतो तो तिथेच पकडायचा असतो. पाच मिनिटं फोनवर बोलत राहिलात तर तो वाट बघत नाही.

पॅनकेक तळहाताएवढाच करा. बिनग्लूटेनचा मोठा पॅनकेक उलटणं हा हट्ट आहे, तो सोडा. आच मध्यमपेक्षा कमी, पहिल्या बाजूला झाकण. गव्हाच्या पॅनकेकवर बुडबुडे फुटून भोकं दिसतात तसं इथे फारसं दिसणार नाही, म्हणून भोकांची वाट बघू नका. कडेचा ओला तजेला गेला आणि उलथणं खाली सहज सरकलं की उलटा. साधारण दोन ते तीन मिनिटं. दुसऱ्या बाजूला झाकण नको, एक मिनिट पुरे.

उतरवला की थेट ताटलीत नको. पुऱ्या निथळायला वापरतो त्या जाळीवर दोन-तीन मिनिटं ठेवा. गरम असताना आतला स्टार्च अजून मऊसर चिकट असतो, थोडा निवला की धरतो. तुमचा पॅनकेक आतून गिच्च लागला त्याला हेही एक कारण असू शकतं. जाळी नसेल तर चाळणी उलटी घाला. फक्त ती कणकेची चाळणी नको, आणि इथूनच खरा महत्त्वाचा मुद्दा सुरू होतो.

पाककृती बरोबर असूनही मुलीचं पोट दुखू शकतं. कारण गहू आपल्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यापुरता कधीच नसतो. सगळ्यात आधी गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर तुमची ज्वारी पडली तर पहिल्या किलोभर पिठात गहू येणारच. 'तांदळावर घाला' असं सांगितल्यावर गिरणीवाले ऐकतात, पण त्या तांदळाआधी काय होतं? सिलिअ‍ॅकच्या घरात जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही घालू नका. नाही तर बारीक ज्वारी आणि तांदूळ मिक्सरला काढून मलमलच्या कापडातून चाळा. सगळं पीठ कापडातून येणार नाही, पण पॅनकेकपुरतं येतं.

मग तवा. पोळ्यांच्या तव्यावर पिठी जळून बसलेली असते. मुलीचा तवा, उलथणं, चाळणी, पुसायचं फडकं वेगळं. लाकडी पोळपाट-लाटणंही वेगळं. सुदैवाने पॅनकेकला ते लागत नाही.

मग हिंग. हे ऐकून बऱ्याच जणी चमकतात. आपण वापरतो तो डबीतला हिंग शुद्ध नसतो. डिंक आणि पिठात बांधलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. गोड पॅनकेकला हिंग लागत नाही हे खरं, पण उद्या तुम्ही त्याच पिठाचं तिखटमीठ घालून धिरडं करणार, तेव्हा हात सवयीने डबीकडे जाईल.

जवस आणताना किराणावाल्याकडून जव घरी येत नाहीत ना तेही बघा. जव म्हणजे सातू, त्यात ग्लूटेन असतं. जवस चपटे, तपकिरी आणि चकचकीत असतात. जव गव्हासारखे दिसतात. भाजणीचंही तेच. विकतच्या थालीपिठाच्या भाजणीत गहू जवळजवळ ठरलेलाच, म्हणून आजीची भाजणी आली तरी आधी विचारा.

पाकिटांबद्दल एवढंच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. 'गव्हाविना' किंवा 'मिलेट' असं मोठ्या अक्षरात छापलेलं म्हणजे ती हमी नव्हे. नाचणीच्या बिस्किटांत मैदा असतो, उलटून बघा. आणि शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याचा दुधाशी काही संबंध नाही, दूध पावडर घातलेल्या मिक्सवरही तो असतो. विगन पदार्थांचे वेगळे नियम २०२२ मध्ये आले, त्यांचं चिन्ह हिरवं आहे, त्यात इंग्रजी व्ही आणि वर छोटं पान आहे. दूध टाळायचं तर ते शोधा.

पुढच्या वाढदिवसाला मुलीसोबत डब्यात चार पॅनकेक द्या, आणि दोन जास्त द्या. मैत्रिणी मागतात.

ओट्स मिक्सरला काढून केळ्याबरोबर पॅनकेक करते. ओट्समध्ये ग्लूटेन नसतं ना? — ठाणे

ओट्समध्ये गव्हासारखं ग्लूटेन नसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गहू आणि जवांच्या संगतीत वाढतात, त्यामुळे साध्या पाकिटात त्यांची भेसळ असतेच असं धरून चाला. घरात कुणाला सिलिअ‍ॅक नसेल तर खुशाल करा. असेल तर 'ग्लूटेन-फ्री' असं स्पष्ट छापलेलेच ओट्स, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण सिलिअ‍ॅक असलेल्या काही थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. मला विचाराल तर ज्वारी असताना ओट्ससाठी एवढा आटापिटा मी करणार नाही.

आम्हा दोघांना तसा काही त्रास नाही, कधीकधी पोट फुगतं एवढंच. वजनही कमी करायचंय म्हणून गहू सोडायचं ठरवलंय. सकाळी ग्लूटेन-फ्री पॅनकेक आणि मेपल सिरप, असं सुरू केलं तर चालेल का? — नाशिक

पोट फुगतंय तर गहू सोडण्याच्या आधी डॉक्टरांकडे जा, नंतर नव्हे. सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी शरीरात ग्लूटेन जात असतानाच नीट दाखवते. महिनोन्महिने गहू बंद ठेवून चाचणी केली तर असलेला आजारही अहवालात दिसत नाही, आणि मग खात्री करण्यासाठी पुन्हा गहू सुरू करायची वेळ येते. ते फार त्रासाचं असतं.

वजनाचं म्हणाल तर ग्लूटेन गेलं म्हणून पदार्थ हलका होत नाही. विकतच्या बऱ्याच मिक्समध्ये तांदळाचं पीठ, टॅपिओका आणि साखर, याशिवाय फारसं काही नसतं. वरून सिरप. त्यापेक्षा घडीच्या दोन पोळ्या आणि उसळ केव्हाही बरी. तरी सकाळी तव्यावरचंच काही हवं असेल तर सालासकट हिरवे मूग रात्री भिजवा, सकाळी आलं, मिरची, कोथिंबिरीबरोबर वाटा आणि धिरडी घाला. ना गहू, ना दूध, ना अंडं, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. मुगाचं हे धिरडं सोडाबिडा न घालता छान होतं. सोबत शेंगदाण्याची चटणी, सिरप नको.

माझी नात म्युनिकला शिकते. तिथे जाऊन विगन झाली. दूध, तूप, मध काही नाही, आणि गहूही शक्यतो नको म्हणते. दिवाळीत येतेय. फोनवर म्हणाली, "आजी, तुला जमेल तर विगन पॅनकेक कर." मला काही सुचेना. यूट्यूबवर बघितलं तर बदामाचं दूध, कसली कसली पावडर. एवढं सगळं कुडाळात कुठून आणू? — कुडाळ, सिंधुदुर्ग

आजी, तुम्हाला नमस्कार. तुम्ही आणि बदामाचं दूध? तुमच्या घरात जे शतकभर चाललंय तेच तिला हवंय, तिला ते ठाऊक नाही एवढंच. घावन करा.

माझं सासर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे तुम्हाला घावन शिकवण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण बाकीच्या वाचकांसाठी लिहिते, तुम्ही चुका काढा. जुना तांदूळ, नवा चिकट नको. धुऊन सावलीत सुकवलेल्या तांदळाचं पीठ. एक वाटी पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ, बाकी काही नाही. पीठ ताकाइतकं पातळ. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक घावनाच्या आधी पळी तळापर्यंत घालून ढवळायचं. तीनदा ढवळलं नाही तर शेवटचे घावन दगडासारखे आणि पहिले पाण्यासारखे होतात. बिडाचा तवा चांगला तापू द्या. नारळाच्या शेंडीची चिंधी किंवा अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून तवा पुसा. पीठ कडेपासून मध्याकडे ओता, पळीने पसरू नका. चर्र आवाज आला पाहिजे आणि त्याच क्षणी जाळी पडली पाहिजे. आवाज नाही म्हणजे तवा थंड, जाळी नाही म्हणजे पीठ घट्ट. झाकण, वाफ, कडा सुटल्या की काढा. उलटायचं की नाही यावर घराघरांत भांडणं आहेत. आमच्याकडे उलटत नाहीत.

बरोबर नारळाचा रस. घट्ट दूध, चिरलेला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. उकळायचं नाही, फुटतं. गूळ विरघळेपर्यंत नुसतं हलवायचं. यात दूध नाही, तूप नाही, गहू नाही, अंडं नाही, मध नाही. गौरीच्या नैवेद्याला कोकणात घावन-घाटलं होतं ना, त्या घाटल्यातही नारळाचं दूध, गूळ आणि तांदळाचं पीठच. तुमच्या नातीला म्हणावं, आमच्या गौराईचा तो नैवेद्य विगन आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सवयीने घावनावर तुपाची धार पडेल, ती आवरा. आणि नात बी-१२ ची गोळी घेते का एवढं विचारा. दूध-दही सोडलेल्या माणसाला ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. बाकी तिची काळजी करू नका.

नाचणी पौष्टिक म्हणून लहान मुलासाठी आणलेल्या मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाचेच पॅनकेक केले. बाहेरून करपले, आत चिकट लापशी. केळं, जवस सगळं घातलं होतं. — छत्रपती संभाजीनगर

मोड आलेली नाचणी हेच कारण. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं. ते स्टार्च तोडतं, म्हणून बाळाची पेज पातळ, गोडसर आणि पचायला सोपी होते. पेजेत जे हवं तेच पॅनकेकमध्ये घात करतं. तिथे स्टार्चने घट्ट धरायला हवं आणि तो मोडून बसलेला असतो. तुम्ही कितीही जवस घाला, आतून लापशीच राहणार. ते पीठ पेजेसाठीच ठेवा.

पॅनकेकला न मोडवलेल्या नाचणीचं पीठ घ्या, आणि तेही एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. बाकी ज्वारी आणि थोडा तांदूळ. नाचणी आधी गरम पाण्यात कालवून ठेवा म्हणजे चरचरीत लागत नाही. करपण्याचं कारण वेगळं आहे. नाचणीचं पीठ मुळातच तपकिरी, त्यामुळे भाजल्याचा रंग दिसत नाही आणि आपण 'अजून थोडं' म्हणत राहतो. रंग बघू नका, घड्याळ बघा.

नाचणीचा आग्रह मात्र सोडू नका. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ज्या घरात दूध बंद आहे तिथे त्याला मोल आहे. सगळंच्या सगळं अंगी लागत नाही हे खरं, तरी तांदळाशी तुलनाच नको. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हा शहरात सगळीकडे नाचणीचा उदोउदो झाला. आता पुन्हा पाकिटं मागच्या फळीवर गेली. घरात ठेवा.

नॉनस्टिक टाकून बिडाचा तवा घेतला. डोसे छान निघतात, पण केळ्याचे पॅनकेक हमखास चिकटतात. तवा खराब आहे का? — नागपूर

तवा उत्तम आहे, पिठातला गोडवा चिकटतोय. केळं आणि गूळ तव्यावर लागले की त्यांचा पाक होतो आणि तो लोखंडाला धरतो. डोशात साखर नसते, म्हणून तो सुटतो. पिठातला गूळ निम्म्याने कमी करा, राहिलेला गोडवा वरून द्या. आच कमी. दोन पॅनकेकांच्या मध्ये ओल्या फडक्याने तवा पुसून पुन्हा तेलाचं बोट फिरवा, कारण आधीच्याचा जळका पाक तिथे बसलेला असतो. आणि उलथणं लवकर घालू नका. ज्याची खालची बाजू अजून भाजली नाही, तो कुठल्याही तव्यावर चिकटतो.

लिंबू घातलेलं पीठ तव्यात तसंच ठेवून जेवायला बसू नका. आंबट पदार्थाने तव्याचा काळा थर जातो. गरम असतानाच पाण्याने धुवा, गॅसवर कोरडा करा, तेलाचा हात फिरवा. साबण कधीतरी चालतो, रोज नको.

सोडा घालायचा नाही. आंबवून फुगवता येईल का? ताक चालत नाही आणि पुण्याच्या थंडीत पीठ हलत नाही. — पुणे

आंबोळी. जाड तांदूळ तीन वाट्या, सालाविना उडीदडाळ एक वाटी, मेथी एक छोटा चमचा, मूठभर पोहे. वेगवेगळे पाच-सहा तास भिजवा. उडीद थंड पाण्यात भरपूर घोटून वाटा, मिक्सर गरम होऊ देऊ नका. पिठाचा फुगवटा उडदाच्या चिकटपणात अडकतो. उडीद नीट वाटला गेला नाही तर आंबट होतं, पण फुगत नाही. ताकाची गरज कधीच नव्हती. आंबवणारे जिवाणू डाळ-तांदळावर असतातच.

डिसेंबरात पीठ हलत नाही ते थंडीमुळे. त्याला तीस अंशांच्या आसपास ऊब हवी. बंद ओव्हनमध्ये आतला दिवा लावून ठेवा, ओव्हन न पेटवता. ओव्हन नसेल तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रीजच्या बाहेर, त्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यात. तरी बारा-चौदा तास धरा. भांडं अर्धंच भरा, नाहीतर सकाळी ओट्यावर पांढरा पूर. जाड, छोटी आंबोळी झाकण ठेवून करा, केळ्याचे काप वर दाबा. मुलं तिला पॅनकेक म्हणायला खुशीने तयार होतात.

वर काय घालायचं? मध चालत नाही, मेपल सिरप परवडत नाही. — मडगाव

काकवी. मेपलपेक्षा तिची चव जास्त खोल असते, असं माझं मत आहे आणि मी ते मागे घेणार नाही. फार घट्ट वाटली तर थोडं गरम पाणी घाला. किंवा खजूर भिजवून वाटा, चिमूटभर सुंठ घाला.

आणि तुम्ही तर मडगावच्या. तुमच्याकडे मैदा-अंड्याच्या पातळ पोळ्यात गूळ-खोबऱ्याचं चून भरून आले बेले करतात. वर सांगितलेलं सांगलीचं पीठ बेकिंग पावडर-सोडा वगळून, थोडं जास्त पाणी घालून पातळ घाला आणि चून भरून गुंडाळा. गुंडाळी गरम असतानाच करायची, गार झाल्यावर तडा जातो. एक छोटा चमचा इसबगोल पिठात घातलं तर तडा कमी जातो. त्याहून जास्त मात्र नको, गम होतो.

सकाळी साडेसहाला डबा द्यायचा असतो. रात्री पीठ करून ठेवलं तर चालेल का? — डोंबिवली

कोरडं पीठ, जवसाची पूड आणि मीठ मिसळून बरणीत ठेवा. पण जवस दळून फार दिवस उघडं राहिलं तर खवट होतं, म्हणून ती बरणी फ्रीजमध्ये. रात्री पाणी आणि गूळ घालून कालवून फ्रीजमध्ये ठेवलंत तर उलट चांगलंच, पीठ छान भिजतं. केळं, बेकिंग पावडर, सोडा आणि लिंबू मात्र सकाळीच. रात्री केळं घातलं तर काळं पडतं, बाकीचं घातलं तर फेस रात्रीच संपतो.

याहून सोपं म्हणजे रविवारी जास्तीचे करा, पूर्ण गार करा, मध्ये बटर पेपर घालून डब्यात रचा आणि डीप फ्रीजमध्ये टाका. तीन-चार आठवडे राहतात. सकाळी मंद तव्यावर, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून दोन मिनिटं. मायक्रोवेव्ह करायचाच तर ओल्या फडक्यात गुंडाळून वीस-पंचवीस सेकंद, त्यापुढे गेलात तर ज्वारी चामड्यासारखी होते आणि डबा तसाच परत येतो.